मास्तरांच्या मापाची गाडी

मास्तरांनी खिशातून टेप काढून गाडीच्या सीटला लावला, तेव्हा जुन्या गाड्या विकणारे शेठ जरा गोंधळले.

"काका, गिऱ्हाईक ॲव्हरेज विचारतं. तुम्ही काय मोजताय?"

"उंची. सीट माझ्या कमरेला आली पाहिजे. खाली असली तर मी आत पडतो, वर असली तर चढता येत नाही."

मास्तर पेशाने शिंपी. जिन्यावरून पडल्यापासून त्यांचा डावा गुडघा वाकत नव्हता. क्लच दाबता येईना म्हणून जुनी गाडी विकावी लागली होती. आता ऑटोमॅटिक हवी होती, आणि तीही डिझेलची. "पेट्रोलची गाडी चालू आहे की बंद ते कळत नाही," ते म्हणायचे. "डिझेलची कशी, शिलाई मशीनसारखी. कानाला कळतं, धागा चाललाय."

गाडी हवी होती ती तळ्यावर जायला. दुकान बंद असेल त्या दिवशी मास्तर आणि त्यांची बायको थर्मासमध्ये चहा घेऊन तळ्याकाठी बसायची. बायको गेल्या वर्षी गेली. तळ्यावर न्यायला आता लेक होती, जावई होता, शेजारीही होते. सगळे आनंदाने न्यायचे आणि चहा संपायच्या आत घड्याळ बघायचे. मास्तरांना घड्याळ न बघणारा माणूस हवा होता, आणि तसे ते स्वतःच एकटे उरले होते.

लेकीने अट घातली होती. "बाबा, कुणीही हात न लावता बसायचं आणि उतरायचं. जमलं तर गाडी. नाहीतर विषय बंद."

"कबूल," मास्तर म्हणाले. "ट्रायलशिवाय मी कधी कपडा दिलाय?"

जावई सल्लागार म्हणून आला होता, कारण त्याची स्वतःची गाडी डिझेल आणि ऑटोमॅटिकच होती. "डोळे मिटून माझ्यासारखी घ्या," असं तो महिनाभर सांगत होता. पण माझी घ्या, असं तो म्हणत नव्हता, आणि जावयाकडे वस्तू मागण्यातले मास्तर नव्हते. त्या गाडीत ते नेहमी मागे, पाय आडवा टाकून बसायचे. पुढे त्यांची बायको बसायची, कारण जावयाला "हळू" म्हणायला कुणीतरी पुढे लागायचं. जावई गाडी कधी धूत नसे. धूळ म्हणजे गाडीचं पांघरूण, असं त्याचं मत होतं. गाडीचा रंग कागदपत्रांत लिहिलेला होता, तेवढाच.

आज आल्या आल्या वॉचमन म्हणाला होता, "साहेब, गाडी फाटकात आडवी येतेय. किल्ली द्या, बाजूला घेतो." जावयाने किल्ली दिली. लेक ऑफिसचा फोन आला म्हणून रस्त्यापलीकडच्या झाडाखाली गेली.

ट्रायल सुरू झाली. पहिल्या गाडीत मास्तर बसले नाहीत, विहिरीत उतरले. त्यांना वर काढायला जावई आणि शेठ दोघे लागले, आणि त्यात शेठच्या शर्टाचं बटण गेलं. "दुकानात या, लावून देतो," मास्तर आतूनच म्हणाले. दुसरीत चढायला स्टूल लागलं. तिसरीचं दार पुरतं उघडेना. मास्तर आत गेले, पाय बाहेर राहिला.

"काका, पाय जरा दुमडला तर?"

"दुमडला असता तर तुमच्याकडे कशाला आलो असतो?"

मग रांगेच्या टोकाला निळी गाडी दिसली. नुकतीच धुतलेली, अंगावरून अजून पाणी ओघळत होतं. नंबरावर शेठच्या दुकानाची पाटी लावलेली. मास्तरांनी टेप लावला. सीट बरोबर कमरेला आली. ते पाठमोरे टेकले, हाताने डावा पाय उचलला, वळले आणि आत बसले. कुणाचा हात लागला नाही. त्यांनी आरसा हलवला, कप्पा उघडला, ऊन अडवायच्या दोन्ही झडपा खाली ओढल्या. डावीकडची झडप त्यांनी थोडा वेळ तशीच धरून ठेवली. मग हळूच मिटली.

"हीच," ते म्हणाले.

जावयाने त्यांच्या कानाशी लागून सांगितलं, "आवडली असं तोंडावर दाखवू नका. बाकी माझ्यावर सोडा." आणि तो गाडीभोवती फिरू लागला.

"शेठ, टायर तर पार टकले झालेत."

"चालतील हो अजून." शेठनेही गाडी आत्ताच पाहिली होती, पण तसं कबूल करणं धंद्यात बसत नव्हतं. "मालकाने पोटच्या पोरासारखी सांभाळलीय."

"हा पोचा बघा! फाटकाला घासलीय. कोण आडदांड चालवत होता?"

"फार सज्जन गृहस्थ आहेत. मी ओळखतो."

"सज्जन असेल, पण ड्रायव्हिंगचा गंध नाही. आणि सीटखाली शेंगांची टरफलं! माणूस आहे का कोण?"

मास्तर स्टिअरिंगवर हात ठेवून गप्प बसले होते. त्यांची मिशी थोडी हलत होती.

जावयाने इतके दोष काढले, की शेठ भाव उतरवत उतरवत शेवटी हात जोडून म्हणाले, "बास साहेब! याच्या खाली भंगारवाला पण मागणार नाही. ठरलं."

"ठरलं," जावई म्हणाला आणि विजयी मुद्रेने त्याने सासऱ्यांकडे पाहिलं.

तेवढ्यात लेक फोन संपवून आली. "अय्या, किती छान धुतलीत हो आपली गाडी! आणि बाबा पुढे कसे?"

जावयाने पोचा पाहिला. मग टरफलं पाहिली. मग शेठकडे पाहिलं. शेठने गाड्या धुणाऱ्याला हाक मारली.

"वॉचमनने किल्ली दिली," तो म्हणाला. "मला वाटलं, नवा माल आला. म्हणून धुतली, पाटी लावली, रांगेत टाकली. इतकी घाण गाडी कुणी वापरत असेल असं वाटलं नाही."

लेक हसून हसून खाली बसली. मास्तर मात्र गंभीर होते. त्यांनी पाय उचलला, वळले आणि कुणाचीही मदत न घेता खाली उतरले. "ट्रायल झाली," ते लेकीला म्हणाले. "बघितलीस ना?"

लेकीने डोळे पुसत मान हलवली आणि नवऱ्याकडे बघत राहिली. जावई म्हणाला, "बाबा... तुम्हीच ठेवा ही. पैसेबिसे काही नकोत."

"छे! तुम्ही शेठसमोर भाव ठरवलाय. मी शब्दाबाहेर जाणार नाही."

जावयाने तो भाव आठवला आणि पोच्यावरून हात फिरवला. शेठ संधी सोडणारा माणूस नव्हता. "आणि साहेब, तुम्हाला आता गाडी लागेल ना? ती पहिली आहे की."

परत जाताना मास्तर चालवायला बसले. जावई पुढचं डावं दार उघडायला गेला.

"जावईबापू, मागे बसा."

पुढची डावी सीट रिकामी राहिली. समोरून ऊन आलं, तशी मास्तरांनी हात लांब करून त्या रिकाम्या सीटपुढची झडप खाली केली. तिच्या आतल्या बाजूला एक सेफ्टी पिन टोचलेली होती. घरातल्या पडद्यांना, पिशव्यांना, कॅलेंडरला असायची तशी. वेळेला लागते म्हणून.

"आईची पिन!" मागून लेक पुढे झुकली. "बाबा, म्हणजे तुम्हाला कळलं होतं? कधी?"

"बसलो तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर भाव उतरला असता का?" मास्तर म्हणाले, आणि वळणावर त्यांनी गाडी हळू केली.