शेषराव आणि चेहऱ्याचा कागद

आमच्या मानवतचे फोटोवाले शेषराव माणसाचं नाव विचारण्याआधी त्याचा फोटो कुठल्या कागदावर छापायचा ते ठरवायचे. बसस्टँडसमोरच्या स्टुडिओच्या पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघत म्हणायचे, "ह्यो ग्लॉसीचा, चकचकीत. त्यो मॅटचा, बिनचमकीचा. अन् ते पागोट्याचं म्हातारं, त्येला जाड कागदच पाहिजे." मला तर पहिल्याच भेटीत सांगितलं, "गुरुजी, तुमचा चेहरा सॉफ्टचा हाय. हार्डवर छापला तर काळंपांढरं करकरीत उठंल अन् तुमी फौजदार दिसताल." मी शाळेत मास्तर. फौजदार दिसलो असतो तर वर्गात फार बरं झालं असतं, पण ऐकतो कोण!

तेव्हा फोटो काळेपांढरेच असत. रंगीत नुकते कुठे दिसू लागले होते, त्यांना शेषराव 'रंगपंचमी' म्हणत. कागदाची पाकिटं हैदराबादहून यायची. विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदात एसटी थांबली की गावाला भाजीची काळजी आणि यांना कागदाची. एकदा आठ दिवस पाकीट आलं नाही, तेव्हा गिऱ्हाइकाला चक्क परत पाठवलं. "हाय त्यो कागद तुमच्या तोंडाचा न्हाई." गिऱ्हाईक भांडायलाच उठलं.

माझी धाकटी बहीण सुमन रंगाने सावळी. दोन ठिकाणांहून नकार आलेला. झरीच्या पाहुण्यांनी फोटो मागवला तेव्हा मी शेषरावांना हळूच म्हणालो, "जरा उजळ काढा."

त्यांनी आतल्या घराच्या पडद्याकडे बघत आवाज खाली घेतला. "आमच्या हिचा फोटो असाच कुणीतरी उजळ काढलता. लग्नात माझ्या आईनं तोंड बघितलं अन् म्हणली, फोटोतली पोरगी कुठं हाय? मरस्तोवर म्हणत ऱ्हाईली. म्या न्हाई करायचो, गुरुजी."

मला रागच आला. यांच्या हट्टापायी माझ्या बहिणीनं घरात बसायचं की काय! पण पाहुण्यांना घाई होती, म्हणून गिळला.

शेषरावांनी सुमनचा एकच फोटो पाच कागदांवर छापला, पाचही दारातल्या उजेडात धरून बघितले आणि चार फाडले. उरलेल्यात सुमन सावळीच होती, पण डोळ्यातलं हसू, गालावरची खळी, सगळं जिथल्या तिथं. ती किती तरी वेळ बघत बसली. "दादा, मी अशी दिसते?" एवढंच म्हणाली.

लग्न ठरलं. पेढे घेऊन मी स्टुडिओत गेलो. "मुलाची आई काय म्हणाली, माहीत आहे? म्हणाली, फोटोत दिसती तशीच हाय पोरगी!"

पडदा सरकवून शेषरावांच्या पत्नी, आमच्या काकू, बाहेर आल्या. लग्नानंतर ही बाई एकदाही कॅमेऱ्यासमोर बसली नव्हती, फोटोवाल्याच्या घरात राहून. पेढा हातात तसाच धरून, नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "माझा बी काढता का एक?"

शेषरावांनी स्टूल पुसलं. पुन्हा पुसलं. काकू बसल्या आणि सवयीनं पदर कपाळापर्यंत ओढला.

"मागं घे जरा," ते कसंबसं म्हणाले. "तोंड दिसू दे."