एजंटांना खुर्ची द्या!

सहदेव घाडीगावकरांचं म्हणणं असं, की जगात न सुटणारा प्रश्न नसतोच. त्याच्या दारात मांडी ठोकून बसणारी माणसं कमी पडतात. मुलुंडच्या एका औषध कारखान्यात पस्तीस वर्षं त्यांनी कामगार संघटना चालवली आणि तीन दणदणीत संप केले. तिन्ही फसले, हा भाग वेगळा! निवृत्त झाल्यापासून मात्र घाटकोपरच्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात त्यांना कुणी काही विचारेनासं झालं होतं. खिडकीजवळची हातांची खुर्ची तेवढी अजून त्यांच्या ताब्यात होती. तिच्यावर दुसरं कुणी बसायचं नाही. बायको जयाबाईसुद्धा भाजी निवडायला स्टूल ओढून घ्यायच्या.

अशा माणसाकडे त्यांचा भाचा नितेश एके दिवशी तोंड पाडून आला.

"मामा, आमच्यावर अन्याय होतोय."

सहदेवरावांच्या अंगात वीज संचारली. "कामगार किती?"

"कामगार नाही ओ, एजंट. मी सायकलपटूंचा एजंट आहे ना! रायडर शर्यतीत सायकल मारतो, टीम त्याला वर्षभरासाठी घेते, आणि त्याचा करार आम्ही ठरवतो."

"म्हणजे तू मुकादम."

"नाही मामा! मी रायडरच्या बाजूने बोलतो."

"म्हणजे युनियन!"

"तसंच समजा. पण आमच्या बाजूने बोलायला कुणी नाही."

सहदेवरावांनी दोन्ही हातांची बोटं पुढे धरून हिशेब मांडला. मालक एकीकडे, सायकलवाला दुसरीकडे, मधे भाचा आणि भाच्याच्या मागे आपण. बोलणाऱ्यांच्या वतीने बोलणारा! नीटसं काही कळलं नाही, पण पद मोठं वाटलं.

तक्रार अशी होती. अंधेरीत एका सायकल टीमचं ऑफिस होतं. करार करायला रायडर आत जायचा आणि एजंटला मात्र 'आत खुर्ची नाही' म्हणून बाहेर पाण्याच्या कूलरपाशी उभं करायचे. शनिवारी अकरा रायडरांचे करार होते. त्यात मुलुंडची प्रांजल, नितेशची पहिली आणि एकुलती एक रायडर.

"हा करार हातचा गेला ना मामा, तर बाबा मला भांडुपला टाइल्सच्या दुकानात बसवणार."

"बसवू दे! म्हणजे, नाही बसवू देणार!" सहदेवराव गरजले.

दोन दिवसांत 'अखिल मुंबई उपनगर सायकलपटू एजंट महासंघ' उभा राहिला. नाव लेटरहेडवर दोन ओळींत मावलं आणि सभासद एका सोफ्यावर: नितेश आणि त्याच्यासारखेच एजंट रश्मी, विकी आणि रतन. अध्यक्ष अर्थातच हातांच्या खुर्चीत.

"मागणी एकच! एजंटांना खुर्ची द्या! शनिवारी काम बंद!"

"काका," रश्मी म्हणाली. तिच्याकडे चार रायडर होते आणि डोकंही होतं. "शनिवारी तर सह्या आहेत."

"म्हणूनच! मालकाला गरज असेल त्याच दिवशी संप करायचा असतो."

"पण सहीची गरज आपल्याला आहे ना?"

"तू नवीन आहेस."

विकीने वेगळाच प्रश्न काढला. "काका, काम बंद म्हणजे नेमकं काय बंद करायचं? मशीन तर नाही आपल्याकडे."

सहदेवरावांनी उलट विचारलं, "दिवसभर करता काय तुम्ही?"

"फोनवर बोलतो."

"मग फोन बंद!"

शनिवारी सकाळी आठ वाजता सगळे घाटकोपरला जमले. ऐन वेळी कुणी फुटू नये म्हणून सहदेवरावांनी चौघांचे फोन एका कापडी पिशवीत गोळा केले. आदर्श म्हणून स्वतःचाही टाकला. पिशवी देवघराशेजारच्या खुंटीला अडकवली आणि जयाबाईंना बजावलं, "संप आहे. कुणाचाही फोन उचलायचा नाही."

"आता ह्या काय नवीन?" जयाबाई म्हणाल्या आणि पोळ्या लाटायला वळल्या.

पिशवीतले फोन बंद करायचे मात्र राहून गेले. बंद म्हणजे खरंच बंद, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही!

मेट्रोने मंडळी अंधेरीला पोचली. फलक, सतरंजी आणि झेंडूचे बारा हार अशी जय्यत तयारी होती. हार आधीच आणायचे असतात, असा अध्यक्षांचा अनुभव होता. संप फसल्यावर कोण आणतो?

"एजंटांना!"

"खुर्ची द्या!"

समोरचा चहावाला खरोखरच एक स्टूल घेऊन आला. त्याला परत पाठवावं लागलं.

साडेदहाच्या सुमारास सायकलींचा ताफाच आला. अकराच्या अकरा रायडर! सहदेवरावांचा ऊर भरून आला. पस्तीस वर्षांत इतका पाठिंबा त्यांना मिळाला नव्हता.

"बघा! कामगारवर्ग आपल्या मागे उभा राहिला! हार घाला, हार!"

"मामा, ते सह्या करायला चाललेत," नितेश कुजबुजला.

"खुळा आहेस! निवेदन द्यायला चाललेत आत!"

आणि मग एजंटांनी आपापल्या रायडरच्या गळ्यात वाजतगाजत हार घातले. रायडर लाजून हसले. त्यांना वाटलं, सह्यांच्या दिवशी असंच करत असतील. प्रांजल मात्र थांबली.

"नितेशदादा, तुम्हाला फोन लावला तर त्या मॅडम म्हणाल्या..."

"एजंटांना!" सहदेवराव ओरडले.

"खुर्ची द्या!" उरलेल्या तिघांनी साथ दिली.

"अहो, मॅडम म्हणाल्या की..."

"कोण म्हणतो देत नाही?"

"घेतल्याशिवाय राहत नाही!"

प्रांजलने दोनदा प्रयत्न केला, मग हार सावरत ती आत निघून गेली. नितेश तिच्या पाठीकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांसमोर टाइल्स चमकायला लागल्या होत्या.

बारा वाजले, एक वाजला. घसे बसले. दोन वाजता ऑफिसचं दार उघडलं आणि टीमचा मॅनेजर सुबोध पेढ्यांचा बॉक्स घेऊन बाहेर आला. शर्टाची बाही घामाने भिजलेली आणि चेहरा उतरलेला.

"घ्या. अकरा करार झाले."

चौघा एजंटांच्या तोंडचं पाणी पळालं. "आमच्याशिवाय?" रश्मी म्हणाली.

"तुमच्याशिवाय कसं? तुमच्या मॅडम होत्या ना फोनवर!" सुबोध वैतागला. "बाहेर घोषणांपुढे तुम्ही कुणाचं ऐकेना, म्हणून प्रत्येक रायडर सहीआधी एजंटला फोन लावायचा. तुमचा नंबर लावा, त्या. विकीचा लावा, त्याच. रतनचाही तेच! शेवटी तुमच्या फलकावरचा अध्यक्षांचा नंबर लावला, तिथेही त्याच! आणि काय कडक बाई हो! रायडर पडला तर हॉस्पिटल कोण करणार, लिहून द्या. जेवण काय देणार, लिहून द्या. गणपतीत पाच दिवस सुट्टी, तीही लिहून द्या! मी नाही म्हटलं, तर म्हणाल्या, 'मेल्या, तुझ्या घरी गणपती नाय?'"

"मग?" नितेशने विचारलं.

"मग काय! दिली. तुमची खुर्चीसुद्धा मान्य. यापुढे करारावेळी एजंटांच्या वतीने एकजण आत बसेल, पण त्या मॅडमच. अकराही जणांनी एजंटच्या रकान्यात तुमच्या नावांआधी त्यांचंच नाव लिहिलंय. घाटकोपरच्या मॅडम!"

सहदेवरावांचा चेहरा काळवंडला. आपला संप कुणीतरी आतून फोडला! फुटीर संघटना! तीही घाटकोपरात, आपल्याच वॉर्डात!

"कोण असेल हो मामा?"

"आहे कुणीतरी मोठी असामी. अशा बाईला मी चांगला ओळखतो," सहदेवराव दात आवळून म्हणाले. "म्हणजे, आवाज ऐकला की ओळखेन."

मंडळी मेट्रोने परतली. घाटकोपरच्या जिन्यात दुसऱ्या मजल्यावर आवाज ऐकू आला आणि सहदेवरावांनी तो लगेच ओळखला.

"नाय रे बाळा, नुसतं बूट देतो म्हणाले तर भुलू नको. गुडघ्याच्या डॉक्टरचं विचार!"

आत जयाबाई स्टुलावर बसल्या होत्या. मांडीवर गवारीची टोपली, कानाला विकीचा फोन, समोर चार फोन ओळीने मांडलेले आणि शेजारी वाणसामानाची वही. वहीत अकरा नावं होती आणि प्रत्येकापुढे काय काय मागायचं ते लिहिलं होतं. ज्याला चढ जमतो त्याला वेगळं, ज्याची आई आजारी त्याला वेगळं.

"तू फोन उचललेस?" सहदेवराव आपल्या खुर्चीत बसत म्हणाले.

"मग काय करू? पिशवी नुसती बोंबलत होती. पोरं रडकुंडीला आलेली. तुम्ही तिकडे खुर्ची मागत बसलात, पोरांना काय हवं ते विचारलंत कुणी?"

"पण तुला हे सगळं कुठून येतं?"

"पस्तीस वर्षं जेवायला बसलात की मागण्याच वाचून दाखवत होता ना! तुम्हाला मिळाल्या नाहीत, म्हणून मी काय विसरले?"

ते खरं होतं आणि सहदेवरावांना लागलंही. नितेश वहीत प्रांजलच्या नावापुढचं वाचत होता. त्याला जे मागायचा जन्मात धीर झाला नसता, ते सगळं तिथे होतं. त्याने वाकून मामीच्या पायांना हात लावला.

"मामी, टाइल्स वाचल्या गं! म्हणजे, टाइल्सपासून मी वाचलो!"

रश्मीने तिथल्या तिथे जयाबाईंना महासंघाचं सभासद करून टाकलं. "काकू, आता तुम्ही आमच्यातल्या. काका अध्यक्ष, म्हणजे तुमच्या हक्कांसाठी काकाच भांडणार."

"असं?" जयाबाईंनी टोपली बाजूला ठेवली आणि कंबर धरून उठल्या. "मग अध्यक्ष, तुमची मागणी काय होती म्हणालात?"

सहदेवरावांनी खिडकीजवळच्या खुर्चीकडे पाहिलं. नेहमीच्या सवयीने ते आल्याबरोबर तिच्यातच बसले होते. चार सभासद एकटक त्यांच्याकडे बघत होते. घोषणा कुणी दिली नाही, गरजच नव्हती. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांची मागणी पूर्ण, विनाअट मान्य होत होती. ते उठले.

जयाबाई खुर्चीत ऐसपैस बसल्या, हातांवर हात ठेवले आणि म्हणाल्या, "बरी आहे की!"

तेवढ्यात फोन वाजला. जयाबाईंनी उचलला. "थांब हां पोरी, सही करू नको. आमच्या अध्यक्षांना विचारून सांगते."

स्टुलावरचे सहदेवराव ताठ झाले. खाकरले. शर्टाची कॉलर नीट केली. इतक्या दिवसांनी घरात कुणीतरी काहीतरी विचारत होतं!

जयाबाईंनी फोनवर हात ठेवला.

"अध्यक्ष, ती गवार मोडून झाली का?"