नायिका कोणत्या विमानातून उतरली?

नागपूर शहरातल्या तमाम सिनेरसिकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येतं की, सिनेमातली नायिका ज्या विमानात चढते, त्या विमानातून ती कधीच उतरत नाही. ती उतरते दुसऱ्याच विमानातून. चढताना विमानाला चार इंजिनं असतात, ढगांत गेल्यावर दोन उरतात आणि उतरताना तीन होतात. मधल्या वेळात एवढ्या उंचीवर, पदर सावरत, हातातली पर्स न सोडता ही बाई एका विमानातून दुसऱ्या विमानात कशी जाते, याचा खुलासा आजतागायत एकाही निर्मात्याने केलेला नाही. जनतेने तो मागितलेलाही नाही.

एका माणसाने मात्र मागितला. भर थेटरात, अंधारात बसून. ते आमचे शेजारी, वैरागडे साहेब.

आम्ही नंदनवनात राहायला गेलो तेव्हा वस्ती नवी होती आणि झाडं गुडघ्याएवढी होती. साहेब नुकतेच निवृत्त होऊन शेजारच्या घरात आले होते. सगळी नोकरी सोनेगावच्या विमानतळावर, मनोऱ्यात. येणाऱ्या विमानांना ‘उतरा’, ‘थांबा’, ‘आत्ता नको’ असं सांगायचं काम. निवृत्तीनंतर सांगायला विमानं उरली नाहीत, म्हणून ते आम्हाला सांगू लागले. सकाळी मी स्कूटर फाटकाबाहेर काढायला लागलो की व्हरांड्यातून त्यांचा हात वर व्हायचा.

“थांबा. डावीकडून दूधवाला येऊन राहिला. येऊ द्या त्याले. हं, निघा आता.”

मी निघायचो. न निघून सांगतो कुणाला?

साहेबांबरोबरचा पहिला सिनेमा मी अजाणतेपणी पाहिला. सीताबर्डीच्या एका थेटरात ते आणि वैरागडे वहिनी नेमके आमच्या शेजारच्या खुर्च्यांवर निघाले. नमस्कार झाले. वहिनींनी पिशवीतून भाजलेले शेंगदाणे काढून आमच्या ओंजळीत घातले. इंटरव्हलच्या जरा आधी नायक परदेशी निघाला. पडद्यावर त्याची आई रडत होती, खांबाआड नायिका रडत होती, माझ्या शेजारी माझी बायको रडत होती. विमान धावू लागलं. आणि बाजूने एक शांत, सरकारी आवाज आला.

“वारा मागून आहे. गेले सगळे.”

बायको रडायची थांबली. “कोण गेले?”

“हिरो, पायलट, हवाईसुंदऱ्या. सगळे.” साहेबांनी शेंगदाण्याचं साल फुंकलं. “खांबावरची ती कापडाची नळी पाह्यली का? कुणीकडे उडून राहिली ती? विमान वाऱ्याले तोंड देऊन उठवतात. यायनं पाठ देऊन उठवलं. हे काही उठत नाही. समोरच्या वावरात जाऊन पडते.”

“पण ते तर उठलं,” मी म्हणालो. पडद्यावर विमान चांगलं ढगांत शिरलं होतं.

“ते दुसरं आहे,” साहेब म्हणाले.

इंटरव्हलनंतर नायक सूटबूट घालून बागेत गाऊ लागला, तेव्हा साहेबांनी पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांच्या हिशेबी तो माणूस वारला होता. वारलेल्या माणसाने बागेत गाणं त्यांना प्रशस्त वाटत नव्हतं.

‘गेले सगळे’ हे त्यांचं ब्रीदवाक्य. वैमानिक मागे वळून नायिकेशी दोन वाक्यं बोलला, गेले सगळे. जमिनीवर असताना शेपटीवर एक नंबर आणि हवेत दुसरा, गेले सगळे. एका चित्रपटात वैमानिक हातातलं चक्र गरागरा फिरवत होता, तेव्हा साहेबांना राहवलं नाही. “हा काय उमरेडची बस चालवून राहिला का गा? आणि उमरेडचा ड्रायवर तरी समोर पाहते.”

वहिनी उमरेडच्या. त्या अंधारातून म्हणाल्या, “उमरेडचं नाव काहून घेता? तुमच्या इमानानं कोणाले माहेरी पोचवलं?”

वहिनींचं सिनेमावर निरपेक्ष प्रेम होतं. सिनेमा चांगला असो की रद्दी, त्या पहिल्या पाटीपासून शेवटच्या पाटीपर्यंत बघायच्या, नायिकेच्या साड्या मनात घडी करून घरी आणायच्या आणि दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी माझ्या बायकोपुढे उलगडायच्या. साहेब सिनेमा बघायला जात नसत, तपासायला जात. पण जात मात्र प्रत्येक वेळी, वहिनींच्या डाव्या हाताला बसून. “यायले हिरॉइन मेली तं चालते,” वहिनी सांगायच्या, “इमानाचं चाक वाकडं झालेलं चालत नाही.”

ही तपासणी थेटरापुरती राहिली असती तरी वस्तीने सोसली असती. एका वर्षी गणेशोत्सवात पोरांनी बांबू आणि कागदाचं विमान केलं आणि त्यात गणपती बसवला. साहेब पाहायला आले. हत्तीचं तोंड असलेला देव विमान चालवतो आहे, याला त्यांची काहीच हरकत नव्हती. हरकत होती ती वजनाला.

“मूर्ती फार मागे बसवली तुम्ही. शेपूट खाली टेकते. नाक वर. गेले सगळे.”

“काका, बाप्पा आहेत ते,” एक पोरगा काकुळतीला आला. “ते कसे जातील?”

“बाप्पा असो का कोणी असो, वजन ते वजन.”

शेवटी मूर्ती हातभर पुढे सरकवली. मग नाक जड झालं, म्हणून समतोलासाठी मोदकांचं ताट शेपटाकडे गेलं. आरतीला माणसं देवापुढे उभी, भटजी नैवेद्य दाखवायला विमानाच्या मागे. दहाही दिवस हे असंच चाललं, आणि विसर्जनाच्या दिवशी साहेबांनी मोकळ्या मनाने कबूल केलं की नागपुरात या मोसमात सुरक्षित असं हे एकच विमान होतं.

थेटरवाल्यांनी त्यांच्याशी तह केला होता. लोक तक्रार करायचे, पण साहेबांना बाहेर काढायचं म्हणजे वहिनींनाही काढणं आलं, आणि ते सगळ्यांच्याच जिवावर येई. म्हणून गेटकीपर हुसेनभाईने तोड काढली. विमानाचा प्रसंग जवळ आला की तो टॉर्च मारत यायचा आणि कानाशी लागायचा, “साब, इमान आ रहा है. चाय पी के आओ.” साहेब उठून बाहेर जायचे. वहिनी तेवढा वेळ सुखाने रडायच्या. साहेब चहाचा कप हातात धरून दाराच्या पडद्याच्या फटीतून सगळं बघायचे, हे हुसेनभाईला ठाऊक होतं. पण फटीतून आवाज पुढच्या रांगांपर्यंत पोचत नसे, एवढ्यावर तह टिकून होता.

मग वहिनींची नजर गेली.

काचबिंदू होता. वहिनींना वाटलं चष्मा बदलायला झालाय, आणि त्या वाटण्यात बरेच दिवस गेले. धंतोलीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, जे गेलं ते आता येणार नाही. उजेड-अंधार तेवढा कळेल.

साहेबांनी सिनेमाचं नाव टाकलं. सकाळी मी स्कूटर काढायचो आणि व्हरांड्याकडे बघत थांबायचो. हात वर होत नसे. एकदा तर मी खरंच दूधवाल्याच्या सायकलीला धडकलो. साहेब व्हरांड्यातच होते. वहिनींच्या ताटातल्या भाकरीचे तुकडे करत होते.

वहिनींनीच एक दिवस कुंपणापाशी माझ्या बायकोला हाक मारली. “कोणी म्हणे नवा पिक्चर लागला. खूप रडवते म्हणे.”

बायको कुंपणाजवळ सरकली, तशा वहिनी पुढे म्हणाल्या,

“मी जाऊन पाहतो एकदा. हे सांगतीन बाजूले बसून. जमलं तं जमलं. नाही जमलं तं पिक्चर संपला आपल्यासाठी, मग त्याचं नावबी काढायचं नाही.”

बायको घरात आली ती चिंतेतच. “अहो, साहेब काय सांगणार त्यांना? त्यांनी आजवर एका तरी नायिकेचं तोंड पाहिलंय का? त्या बिचारीला शेपटीचा नंबर ऐकून परत यावं लागेल.”

मला ते पटलं. सिनेमा कसा सांगायचा हे ज्याला येत नाही असा माणूस शोधायचा म्हटलं, तर सगळ्या नागपुरात साहेबांइतका लायक कुणी सापडला नसता. आणि वहिनी आपल्या बोलण्याला पक्क्या होत्या. हा डाव फसला की त्या पुन्हा थेटराची पायरी चढणार नव्हत्या.

त्याच संध्याकाळी साहेब आमच्याकडे आले. खुर्चीवर बसले, घसा खाकरला.

“वहिनी, मोरपंखी म्हणजे नेमका कोणता रंग?”

माझी बायको चकित झाली. तिने कपाट उघडून साडी दाखवली. साहेबांनी ती उजेडात धरली, मनोऱ्यातून आभाळ न्याहाळावं तशी न्याहाळली. मग अबोली झाला. मग चिंतामणी, आमसुली, राणी. ‘काठ’ आणि ‘पदर’ यांतला फरक त्यांनी दोनदा विचारला. अंबाड्याचे प्रकार निघाले तेव्हा मी बाहेर जाऊन बसलो.

पुढच्या आठवड्यात हुसेनभाई मला सीताबर्डीच्या चौकात भेटला. त्याने माझी स्कूटर थांबवली. “साब को क्या हो गया? मॅटिनीले रोज अकेले आते. इमान आया तो मैं बोला, साब, चाय. तो बोले, नहीं हुसेन, बैठने दे. पूरा पिक्चर चुपचाप देखते. बस, ओठ हिलाते रहते.”

मी बायकोला हे सांगितलं. तिने डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, “रविवारची तिकिटं काढा. आपण त्यांच्या मागे बसू.”

रविवारी थेटर भरलेलं होतं. साहेब वहिनींना हाताला धरून घेऊन आले. वहिनी नेसल्या होत्या मोरपंखी. त्यांनी शेंगदाण्याची पिशवी मांडीवर ठेवली, साहेब त्यांच्या डाव्या हाताला बसले, त्यांच्या बाहीवर वहिनींनी हात ठेवला आणि दिवे गेले.

साहेब बोलू लागले. हळू, वहिनींच्या कानाशी, पण मागे आम्हाला ऐकू येत होतं.

“आली. अबोली साडी. काठ बारीक, जरीचा. केस मोकळे. हा दारात उभा आहे, हसून राहिला. दाढी केली नाही त्यानं. हं, आता तिनं पाठ केली. डोळे भरले तिचे, त्याले दिसून नाही राहिलं.”

वहिनींनी शेंगदाणा तोंडात टाकला. थोड्या वेळाने योग्य जागी त्यांनी पदर डोळ्याला लावला. माझ्या बायकोने माझा हात दाबला. हा माणूस सिनेमा सांगत होता. आणि सुरेख सांगत होता.

मग विमानतळ आला.

आमच्या आजूबाजूच्या रांगा साहेबांना ओळखून होत्या. हळूहळू मुंडकी वळली. पुढच्या एका गृहस्थाने तर वाट पाहायला बरं पडावं म्हणून खुर्चीत कूस बदलली. दाराशी हुसेनभाई टॉर्च विझवून उभा होता.

पडद्यावर जे चाललं होतं ते मलासुद्धा कळत होतं, म्हणजे बघा. नायिका चढली ते विमान थोरलं, चार इंजिनांचं. धावायला लागलं ते धाकटं, दोन पंख्यांचं, घरघरत उडणाऱ्या जमान्यातला जुना डाकोटा. कापडाची नळी भलतीकडे फडफडत होती. मी साहेबांच्या मानेकडे बघत होतो. मान ताठ झाली.

“ती चढली,” साहेब म्हणाले. “दार लागलं. डाकोटा आहे, दोन पंख्यांचा. दोन्ही पंखे बरोबर फिरून राहिले. वारा समोरून आहे, चांगला. धावलं. खिडकीत ती दिसून राहिली, हात हलवून राहिली. उठलं. चाकं आत गेली. एकदम साफ उठलं.”

पुढचा गृहस्थ निराश होऊन सरळ बसला. निरोपाचं गाणं संपलं होतं, थेटरात कुणी खोकतही नव्हतं. विमान वर वर चाललं होतं. वहिनी शेंगदाणा चावायच्या थांबल्या होत्या. त्यांनी मान किंचित तिरपी केली होती, पूर्वी विमानतळाजवळच्या क्वार्टरच्या अंगणात धुणं वाळत घालताना डोक्यावरून जाणारं काहीतरी ऐकावं तशी. बाहीवरचा हात घट्ट झाला. आणि आपण कुजबुजतोय अशा समजुतीने, सगळ्या थेटराला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या,

“अहो, पण आवाज तं जेटचा येऊन राहिला.”