'धोटा' किती दिवस चालणार?

हरीने मागावरच्या धोट्यावरून नाव ठेवलेल्या आपल्या 'धोटा' मासिकाचा पहिला अंक हातात ठेवला, तेव्हा शरच्चंद्र सरांनी कागद चिमटीत धरून पाहिला, संपादकीय वाचलं आणि चष्मा काढला.

"तिसरा अंक निघत नाही."

भिवंडीच्या हायस्कुलात मराठी शिकवणारे सर पहिल्या अंकावरून मासिकाचं आयुष्य सांगत आणि आजवर कधी चुकले नव्हते. कोर्टात कारकुनी करणाऱ्या हरीचा चेहरा पडला.

"का पण, सर?"

"'प्राण गेला तरी' असं लिहिलंयस. असं लिहिणाऱ्यांचा लवकर जातो. शिवाय अंकात नुसते कवी. वाचक कुठायत?"

"मग हेच लिहून द्या ना. छापतो."

आपलं मत छापून आलेलं सरांना आवडत असे. 'धोटा का बंद पडेल' हा त्यांचा लेख दुसऱ्या अंकात झळकला आणि तिथून घोळ सुरू झाला. कवी खवळले आणि त्यांनी पुढच्या अंकासाठी उत्तरं धाडली. सरांना काय काय म्हटलंय ते बघायला, कधी कविता न वाचणारे लोकही तो अंक आधीच मागू लागले. धामणकर नाक्यावरचा छापखानेवाला सावळाराम अंजूरहून सायकलने येता येता सरांच्या दारात थांबला.

"सर, तुमाला लय शिव्या हायेत. पानं वाढवाया लागली."

"शुद्धलेखन तरी बरोबर आहे का?"

"न्हाय."

"मग उत्तर दिलंच पाहिजे!"

तिसरा अंक निघाला. सर डगमगले नाहीत. "थोडी धुगधुगी आहे. दिवाळीपर्यंत आटोपेल," असं सांगून त्यांनी त्याच्या पुष्ट्यर्थ लेखमाला सुरू केली.

"अहो, बंद पडायला हवं असेल तर तुम्ही लिहायचं थांबा," त्यांची बायको सुनीती म्हणाली.

"थांबलो तर लोक म्हणतील, सर हरले."

दिवाळी सरली आणि हरी पेढे घेऊन आला. जव्हारला बदली झाली होती, बढतीवर.

"तुमचंच खरं झालं, सर. 'धोटा' बंद करतोय."

सरांनी तोंडाजवळ नेलेला पेढा खाली ठेवला. "बंद? अरे, त्या कोन गावच्या कवीला माझं उत्तर जायचंय अजून! ते काही नाही. मी चालवतो."

सरांच्या संपादकत्वाखाली अंक निघाला. छपाई देखणी, एक काना चुकलेला नाही. पण गठ्ठे नाक्यावरच्या दुकानातून उठेचनात.

"सर, येक सांगू?" सावळाराम म्हणाला. "ह्यात भांडान न्हाय. मानसं पानं उलटून ठेवून देतात."

सर विचारात पडले. आपल्याच मासिकाला आपण कशी नावं ठेवणार? कवींनी तर, सर संपादक झाल्यापासून, त्यांना 'आदरणीय' म्हणायला सुरुवात केली होती. घरी येऊन त्यांनी कपाट आवरणाऱ्या सुनीतीला हाक मारली.

"माझ्या हातात हे मासिक का टिकणार नाही, यावर थोडं लिहून देशील? चांगलं झणझणीत हवं."

सुनीतीने पदराने हात पुसले आणि खुर्ची पुढे ओढली.

"किती पानं देताय?"