घरच्या संगणकावर स्पॅनिश अंमल बसला, त्याची हकीकत

दैवाच्या कृपेने आणि विजेच्या मेहेरबानीने जे घडले, ते येथे यथास्थित लिहिले असे. पदरचे मीठ घातले नाही. चिमूटभर पडलेच असेल, तर वाचणारांनी थोर मनाने गोड मानोन घ्यावे.

ऐसियास, दुसऱ्या मजल्यावरील संसारधुरंधर बाईसाहेब यांची एकुलती कन्या स्पॅनिश बोलणाऱ्या मुलुखी दिली होती, आणि तेथे ती नुकतीच बाळंत जाहली होती. रोज फोन येई आणि रोज एकच वर्तमान कळे, "छान आहे आई, सगळं छान आहे." लेक एकदा छान म्हणाली तर खरोखर छान, आणि दोनदा म्हणाली तर डोळे पुसोन फोनवर आली, हे बाईसाहेबांस पुरते ठाऊक. लेकीजवळ तिची सासू होती. परंतु विहिणी-विहिणींचे बोलणे होई ते लेकीच्याच मुखे, आणि लेकीची चिंता लेकीकरवीच कैसी कळवावी? बाईसाहेबांनी वर्गास जाऊन ती भाषा मोडकीतोडकी का होईना हस्तगत केलीच होती. सबब विहीणबाईंस थेट खलिता धाडावा, ऐसी मसलत ठरली.

संगणकाची सुभेदारी यजमान रावसाहेबांकडे. हे निवृत्त मीटर तपासनीस, स्वभावे करडे, आणि पासवर्ड त्यांनी खुद्द बाईसाहेबांसही कधी सांगितला नव्हता. त्यांनी सेटिंगांत शिरोन स्पॅनिश कीबोर्ड आणिला, आणि एका म्यानात दोन तलवारी नकोत म्हणोन इंग्रजीस तडकाफडकी बडतर्फ केले.

मग कळा फितूर जाहल्या. दाबावी एक आणि उमटावे भलतेच. तेव्हा बाईसाहेबांनी कागदाचे चिटोरे कापोन, त्यांवर नवी अक्षरे लिहोन, डिंकाने कळांवर डकविले. परंतु डिंक अंमळ सढळ जाहला, आणि दोन कळा खाली गेल्या त्या वर येईनात, त्यांस सुईने उचलोन काढावे लागले. इतके होऊन पडद्यावर पहावे, तो डोईवर खूण वागविणाऱ्या शेंडीवाल्या स्पॅनिश अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन! रावसाहेबांनी फर्माविले की, चौकोन तर चौकोन, विहीणबाई समजोन घेतील. बाईसाहेबांनी हा तह साफ नाकारिला. शोध करिता कळले की, रावसाहेबांच्या लाडक्या नक्षीदार टायपात ती अक्षरेच नव्हती. टाइप बदलताच चौकोनांनी पळ काढिला, आणि उभयता चहास उठली.

चहा घेऊन येतात तो संगणकास कुलूप, आणि रावसाहेबांनी पासवर्ड घालावा आणि संगणकाने तो झिडकारावा. रावसाहेब घामाघूम.

"अगं, माझंच मशीन मलाच आत घेईना!"

बाईसाहेबांनी शांतपणे पुसिले, "पासवर्डात ॲटची खूण आहे का?"

"तुला कशाला पंचायती?"

"अहो, ती खूण नव्या कीबोर्डावर सरकली आहे. पासवर्ड बोला, मी घालते."

रावसाहेबांनी आधी दार लोटोन घेतले. मग हळू आवाजे सांगितले. लेकीचे लहानपणीचे लाडनाव, पुढे ॲट, पुढे घर. बाईसाहेब हसल्या नाहीत. उजवी ऑल्ट आणि दोनची कळ एकत्र दाबोन त्यांनी वेस उघडिली, आणि खलिता रवाना केला तो ऐसा की, मुलगी दमली तरी सांगत नाही. विचाराल तर छान म्हणेल. म्हणोन काही विचारू नये, ताट पुढे ठेवावे आणि नुसते शेजारी बसावे.

दुसरे दिवशी उत्तर आले. सगळी अक्षरे शेंडीसकट शाबूत. बाईसाहेबांनी कोश घेऊन शब्द न् शब्द लाविला. विहीणबाईंनी लिहिले होते की, शेजारी बसले. मुलगी आधी गप्प राहिली, मग रडली, मग पोटभर जेवली, आणि आता बाळासह स्वस्थ निजली आहे. पुढे आणिक लिहिले की, न सांगण्याची ही खोड तिने कोणाकडून उचलली ते ध्यानी आले. तुमचा गुडघा ठणकतो आणि तुम्ही छान म्हणता, ऐसे ती म्हणते. तरी खरे लिहिणे.

बाईसाहेबांचे डोळे भरोन आले. त्यांनी सवयीने 'छान आहे' ऐसे टंकिले. मग ते पुसिले आणि एकच शब्द घातला, दुएले.

मागे उभे राहिलेल्या रावसाहेबांनी चष्मा सावरोन पुसिले, "म्हणजे काय गं?"

"दुखतो."

जे वर्तमान त्याच घरात या खोलीतून त्या खोलीत कधी पोचले नव्हते, ते सातासमुद्रांस वळसा घालोन पोचले. रावसाहेब आत गेले, स्टूल आणोन बाईसाहेबांच्या पायाखाली दिले, आणि काही न विचारिता शेजारी बसले.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. स्पॅनिश ठाणे कायम असे, इंग्रजीस माफी देऊन पुनश्च चाकरीत घेतले असे, आणि त्या दोन कळा अद्याप सुईने उचलाव्या लागतात, हेही नमूद असे.