ताईचा कॉम्प्युटर मी फास्ट केला!

कॉम्प्युटरच्या बाबतीत आमच्या भावकीत माझा शब्द शेवटचा! खामगावच्या एका पतसंस्थेत मी कारकून आहे आणि प्रिंटरमध्ये अडकलेला कागद न फाडता बाहेर काढणारा त्या इमारतीत दुसरा कोणी नाही. म्हणूनच अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुट्टीत जळगाव जामोदला घरी गेलो आणि आमच्या कृषी केंद्रातला कॉम्प्युटर सुरू होताना पाहिला, तेव्हा मला घराण्याची लाज वाटली.

बटण दाबावं, चहा ठेवावा, उकळावा, प्यावा, कप विसळून पालथे घालावेत, तरी पडद्यावरचं ते गोल गोल फिरणं चालूच! त्यात आमच्या बाबांचा नियम असा, की कॉम्प्युटरच्या बिलाशिवाय बियाण्याची पुडीसुद्धा काउंटरवरून हलता कामा नये.

"ताई, हे रोज असंच चालते काय?"

"चालते. कोनाचं काय अडलं?" ताई म्हणाली आणि रॅक पुसायला लागली.

संजीवनीताई माझी मोठी बहीण. आई गेली तेव्हा मी दहावीत होतो. ताईने घर सांभाळलं, दुकान सांभाळलं, मला शिकवलं, आणि या गडबडीत तिच्या लग्नाचा विषय मागे मागे सरकत गेला. आता ती चौतिशीची आहे. सगळा तालुका तिला ताई म्हणतो, काठी टेकत येणारे म्हातारेसुद्धा! तिच्यासाठी काहीतरी करावं असं मला नेहमी वाटतं. म्हटलं, चला, निदान तिचा कॉम्प्युटर तरी फास्ट करू!

ताई स्वयंपाकाला घरात गेली तसा मी कामाला लागलो. आपोआप सुरू होणाऱ्यांची यादी उघडली आणि बघतो तर काय! बटण दाबल्याबरोबर एवढे प्रोग्राम उठून बसत होते, जसे लग्नाच्या घरी आदल्या दिवशीच येऊन बसलेले पाहुणे. एक हवामान सांगणारा, एक पंचांग सांगणारा, एक गाणी लावणारा, एक गेल्या दिवाळीला मोडीत काढलेल्या जुन्या प्रिंटरची वाट पाहणारा. दोन तर व्हायरस पकडणारे, आणि दोघांचा एकमेकांवरच संशय! मी एकेकाला बंद करत सुटलो. मग पुन्हा बटण दाबलं. बाबांना शिंक येत होती. ती पूर्ण व्हायच्या आत कॉम्प्युटर सुरू!

"वा बे!" बाबा नाक पुसत म्हणाले. माझी छाती शर्टाच्या बाहेर यायला निघाली.

दुसऱ्या दिवशी शेखरराव आले. हे संग्रामपूरकडचे, भाजीपाला आणि केळीवाले. बहिणींची लग्नं करता करता स्वतः चाळिशीला टेकलेले, आणि स्वभावाने इतके लाजाळू की दुकानाची पायरीसुद्धा परवानगी मागून चढतात. ते दर दोन-तीन दिवसांनी येतात आणि भेंडीच्या बियाण्याची एक पुडी नेतात. एवढी भेंडी पेरली तर सातपुड्यातल्या अस्वलांनाही पुरेल, पण गिऱ्हाईक म्हणजे देव!

"या या!" मी ओरडलो. "ताई, लाव कॉम्प्युटर! पाहा आता गंमत!"

ताई का कोण जाणे, सावकाश उठली. सावकाश बटण दाबलं. शेखररावांनी स्टूल ओढलं, टोपी काढली, घसा साफ केला.

"यंदा... पान्याचं कसं काय...?"

ट्रर्र! बिल बाहेर!

मी बिल फाडलं, पुडी त्यांच्या हातात कोंबली, वर दारापर्यंत पोचवून आलो. "झालं! आता बसाचं कामच नाई! मोकळे तुमी!"

शेखरराव पार गोंधळले. एकदा बिलाकडे पाहिलं, एकदा ताईकडे. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं आणि घाईघाईने म्हणाले, "बरं... येतो, ताई."

आणि मोटरसायकलला किक मारून गेले. ताई बटणाशी तशीच उभी होती. मी मात्र किती वेळ वाचला याचा हिशेब बाबांना समजावून सांगत होतो.

त्यानंतर शेखरराव फिरकलेच नाहीत. इकडे घरात वरणाला मीठ नाही, भाजीला दोनदा! दुकानात ताईने एका माणसाला मिरचीऐवजी मेथीचं बी दिलं. अखाजीला आमरस केला, तर स्वतः वाटीला बोटही लावलं नाही.

"ताई, कॉम्प्युटरनं काई तरास देल्ला काय?"

बस्स! ताट बाजूला सारून ताई माझ्यावर कडाडली. "तुले कोनं सांगतलं होतं बे फास्ट कराले? शेखररावाले बोलाले वेळ लागते! आधी घसा साफ करतात. मंग पान्याचं इचारतात. मंग बाबाच्या गुडघ्याचं. मंग रस्त्याकडं पाहून घेतात. तवा कुठी एक वाक्य निंगते! त्याईच्या गाडीचा आवाज आला का मी चालू कॉम्प्युटर बंद करत होती, काऊन का थो सुरू होयेपर्यंत थे बसतात. मागच्या खेपेले 'घरी मायच्यानं आता होत नाई' इथपर्यंत आले होते. पुढचं त्या दिवशी बोलनार होते!"

"पन जाताना बोलले ना काईतरी?"

"ताई म्हनले!" आणि ती पदरात तोंड घालून रडायलाच लागली. "सारे म्हनतात. थे कदीच नाई म्हनले. दोन वर्सं झाली, कोन्तीच हाक मारली नाई त्याईनं मले..."

आई गेली तेव्हासुद्धा ही बाई माझ्यासमोर रडली नव्हती! आणि मी, घराण्यातला कॉम्प्युटरतज्ज्ञ, तिच्या संसाराची सुरुवातच बंद करून बसलो होतो.

तडक दुकानात गेलो आणि यादीत दिसेल ते सुरू करून टाकलं. कोणतं मी बंद केलं होतं आणि कोणतं आधीपासून बंद होतं, हे बघायला डोकं ठिकाणावर कुठे होतं! मग बसने संग्रामपूर गाठलं. शेखरराव शेतातल्या झोपडीत बसले होते. मागे खुंटीला पिशवी टांगलेली, आणि पिशवीत भेंडीच्या पुड्याच पुड्या. एकही फोडलेली नाही!

"नाई येत आता," ते मातीकडे बघत म्हणाले. "मायी जीभच झडली त्या दिवशी."

"बिलात चूक झाली हो! यावंच लागते तुमाले. बाबा नियमाचे लय पक्के हायेत."

नियमाला मान देणारा माणूस! मला मोटरसायकलवर मागे बसवून निघाला.

दुकानात ताईने त्यांना पाहिलं आणि बटण दाबलं. गोल गोल फिरायला लागलं. मी मनात नारळ बोलून ठेवला. आणि पडद्यावर आलं, 'अपडेट सुरू आहे. संगणक बंद करू नका.' वर्षानुवर्षं तुंबलेली सगळी अपडेटं त्या दिवशी एकदम आत शिरत होती! मुहूर्त असावा तर असा! पण एक अडचण होती. आमचे बाबा खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले आणि मतमोजणीसारखे आकडे पुकारायला लागले.

"तीन टक्के! ...चार!"

"बाबा, गोडाऊनमंदी चला, उंदीर दिसला मले."

"थांब बे! पाच होऊन राह्यले!"

शेवटी त्यांना दंडाला धरून गोडाऊनमध्ये नेलं. आम्ही बापलेक सरकीच्या ढेपेच्या पोत्यांमागे उभे राहिलो. दुकानात घसा साफ झाला. पाण्याचं झालं, गुडघ्याचं झालं. मग रस्ता बघून होत असावा.

"थो शबुद..." शेखररावांचा आवाज आला. "त्या दिवशी घाईत निंगाला."

"कोन्ता?"

"मी नाई म्हनत कदी, थो."

"हाव. मालूम हाये मले."

"परत घेतो म्हनलं..."

"चाळीस झाले काय बे?" बाबा कुजबुजले. मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

"दिलेला माल परत होत नाई आमच्या दुकानात," ताई म्हणाली. मला घाम फुटला. मग तिचा आवाज एकदम हळू झाला. "पन हा न्या तुमी. मले नकोच होता थो."

"मंग... काय म्हनू?"

"नाव हाये ना मले."

पुन्हा घसा साफ झाला. मला वाटलं, आता याला संध्याकाळ लागणार. पण नाही. शेखरराव म्हणाले, "संजीवनी." अगदी स्पष्ट, एका दमात.

मी बाबांच्या तोंडावरचा हात काढला. माझेच डोळे पुसायचे होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, दुकानाकडे कान लावला, आणि त्यांना सगळं उमगलं. त्यांनी टक्क्यांचं नाव पुन्हा काढलं नाही.

साखरपुडा झाला. जेवणं उरकल्यावर शेखररावांनी मला हाताला धरून बाजूला नेलं. ना घसा साफ केला, ना पाण्याचं विचारलं, ना रस्त्याकडे पाहिलं.

"अविनाशभाऊ," ते धडाधड म्हणाले, "आमच्या घरी तुमी कवाई या, आठ दिस राहा, मनसोक्त खा-प्या. आमच्याइथंबी एक जुना कॉम्प्युटर हाये, लय हळू सुरू होते. त्याले तेवढा हात लावू नोका!"