तीनशे चाळीस कौलांची फत्ते

एक छत्री, मिटलेली. शाई लागलेली करंगळी. नळीची कौले, तीनशे चाळीस. बागेला पाणी घालायचा पाइप. प्राचार्यांचा डावा बूट.

ही पाच कलमे पाच ठिकाणची दिसतात, परंतु मोहीम एकच. ते वर्तमान ऐसे जे, डोईवर छप्पर नसेल तर बादशहा आणि बेलदार पावसात सारखेच भिजतात, हे जाणून वास्तुविद्यालयातील बांधकामाच्या बाईसाहेबांनी मागील अंगणाचा मुलूख बारा वर्षे राखिला होता, आणि त्या दरसाल दुसऱ्या वर्षाच्या फौजेकडून तेथे खरेखुरे छप्पर चढवून घेत होत्या. खांब, आढे, वासे, रिपा, कौले, सारे पोरांनी आपल्या हाती करावे आणि बाईसाहेबांनी हात पाठीमागे बांधून उभे राहावे, पोरांच्या कामास बोटही लावू नये, हा त्यांचा शिरस्ता.

मग प्राचार्य हुजुरांची नजर त्या मुलखावर गेली. गाड्यांस जागा पुरेना, यास्तव फर्मान सुटले की छप्परविद्या पडद्यावर चित्रे दाखवूनही शिकविता येते, सबब अंगण मोकळे करावे. बाईसाहेबांनी अर्जी गुदरली, आणि बहुत घासाघीस होऊन तह ठरला की सोमवारी अकरा वाजता हुजूर खासे छपराखाली खुर्ची टाकून बसतील, वरून पाव तास पाणी सोडावे, आणि एक थेंब जरी आत पडला तरी अंगण गाड्यांचे.

फौज वीस असामी. सरदारकी टोकदारकडे, पेन्सिलीस सदैव टोक असे म्हणून तिजला हा किताब. सांगाडा आधीच उभा होता. तिने रविवारी अख्खा दिवस खपून आढ्यापासून वळचणीपर्यंत कौले अशी बसवून घेतली की दोरी लावून पाहावे, आणि मग फौज दमून घरोघर गेली.

सोमवारी आठ वाजता, म्हणजे नेहमीपेक्षा दोन तास आधी, फौज अंगणात जमत असता विद्यालयाचे मिस्त्रीकाका दाखल जाहले. चाळीस वर्षे लोकांच्या डोक्यावर कौले चढविलेला माणूस. त्यांनी छपरास एक प्रदक्षिणा घातली, मग दुसरी घातली, आणि पायरीवर बसून हसू लागले.

"दिसायला झकास आहे गं पोरी," ते म्हणाले. "पण पाणी वरून खाली येतं. तुमच्याकडं खालून वर जातं का?"

खालच्या दर ओळीचा काठ वरच्या ओळीवर चढला होता. पाणी यावे, सरळ फटीत शिरावे आणि हुजुरांच्या टकलावर उतरावे, ऐसा चोख बंदोबस्त. चौकशीअंती कारण निघाले ते असे की, नकाशा काढताना ओल्या शाईस हात लागू नये म्हणून कागदावर वरून खाली यावे, ही दीड वर्षाची तालीम. त्याच शिस्तीने फौज आढ्यावरून खाली उतरली होती. टोकदारने आपल्या शाई लागलेल्या करंगळीकडे पाहिले.

लांबट म्हणून एक गडी होता, तो म्हणाला, "मी कालच सांगणार होतो."

"मग सांगायचंस की. तोंडात रीप अडकली होती का?" टोकदार कडाडली.

तमाम फौजेने बाईसाहेबांकडे पाहिले. त्यांचे हात पाठीमागेच. हुकूम इतकाच जाहला की घड्याळात तीन तास आहेत.

मग टोकदार शिडीवर चढली, आणि वीस जणांची साखळी लागली, आणि कौले हातोहात उतरली, आणि मिस्त्रीकाकांच्या देखरेखीखाली वळचणीपासून पुन्हा वर चढू लागली, आणि सात फुटली त्यांच्या जागी राखीव कुमक आली, आणि अकराला पाच कमी असता आढ्यावर शेवटचे कौल बसले.

हुजूर आले, फाइल मांडीवर घेऊन बसले. पाइप सुटला. पाणी धो धो वाहिले.  इतक्यात हुजुरांनी हात वर करून थेंब पडल्याचे जाहीर केले आणि डाव्या बुटाकडे बोट दाखविले. टोकदारचे डोळे भरून आले.

मिस्त्रीकाका वाकले, बूट पाहिला, वर पाहिले.

"साहेब, छप्पर गळत नाही. तुमचा पाय बाहेर आहे."

हुजुरांनी पाय आत घेतला. पाणी संपेतो बसले. मग कोरडी फाइल उघडून, पहिली ओळ कोठून धरावी असा सवाल टोकदारास केला, आणि तिने "खालून, सर" म्हणताच अंगण बाईसाहेबांकडे कायम केल्याचे तेथेच लिहून सही केली. येणेप्रमाणे तीनशे चाळीस कौलांनी मुलूख राखिला. गाड्या रस्त्यावर उभ्या राहिल्या. छत्री बाईसाहेबांच्या पिशवीतच राहिली.

उलटी कौले त्यांना रविवारी संध्याकाळीच दिसली होती.